ऋण पायॉन

"खोक्यात काय आहे, सर?"

"कार्डं."

"पत्ते?"

"नाही. कॉम्प्युटरची कार्डं."

हवालदार तडवीनं खोक्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुंबईहून आलेली पॅसेंजर मला फलाटावर उतरवून पुढे निघून गेली होती. माझ्या खांद्याला कपड्यांची पिशवी होती आणि दोन्ही हातांत सुतळीनं बांधलेलं ते खोकं.

"साहेबांनी बोलावलंय," तडवी म्हणाला. "पाच मिनिटांचं काम आहे. खोकं मी घेतो."

"नको, ते मीच घेईन."

"मी घेतो, सर," तो पुन्हा म्हणाला, आणि त्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

ही पंचाहत्तर सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. आणीबाणी लागून काही महिने झाले होते. खानदेशातल्या आमच्या तालुक्याच्या गावी मी कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. मुंबईत पीएच.डी. झाली, त्याच वर्षी वडील गेले आणि केळीची बाग बघायला कोणी उरलं नाही, म्हणून मी गावी परतलो. बाग मी कधी बघितलीच नाही. ती माझ्या बायकोनं, वत्सलानं बघितली. मी मात्र सुट्टी लागली की मुंबई गाठायचो. तिथल्या एका संस्थेतला मोठा कॉम्प्युटर मला ओळखीनं थोडा वेळ वापरायला मिळायचा.

वत्सलाचा धाकटा भाऊ पुंडलिक नारखेडे हा जिनिंग प्रेसच्या कामगारांचा पुढारी. आणीबाणीविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून त्याच्यावर वॉरंट निघालं होतं आणि पावसाळ्यापासून तो बेपत्ता होता. आमच्या घराची दोनदा झडती झाली होती. तो नवापूरमार्गे गुजरातेत गेला, असं सगळं गाव म्हणायचं. वत्सलाही तेच म्हणायची, आणि मी ते खरं मानलं होतं. त्यामुळे पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढताना मला काळजी होती ती फक्त खोक्याची.

मला लॉकअपमध्ये टाकलं नाही. मागच्या बाजूच्या एका खोलीत बसवलं. टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात जप्त केलेली मोडकी सायकल, उंचावर गजांची खिडकी. शेजारी जिनिंग प्रेस होती, त्यामुळे कापसाचे तंतू आत उडत यायचे आणि घशात बसायचे. दाराला कडी नव्हती. बाहेर तडवी स्टुलावर बसलेला. मी दारापाशी गेलो की तो उठायचा आणि फार अदबीनं म्हणायचा, "सर, बसा ना आत." कुलूप असतं तर मी दार वाजवलं असतं, आरडाओरडा केला असता. उघड्या दारापुढे माणसाला काही सुचत नाही. मी पुन्हा जाऊन खुर्चीत बसायचो.

दुपारी इन्स्पेक्टर हणमंतराव शेडगे आले. साताऱ्याकडचे, चाळिशी ओलांडलेले. त्यांनी आवाज चढवलेला गावात कोणी ऐकला नव्हता. त्यांनी शांतपणे सुतळी सोडली आणि खोकं टेबलावर उपडं करायला उचललं.

"नका!" मी जवळजवळ ओरडलोच. "क्रम बिघडला तर सगळं काम जाईल."

त्यांनी खोकं खाली ठेवलं. वरचं एक कार्ड चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात बघितलं. कार्डाच्या भोकांतून उजेडाचे ठिपके त्यांच्या कपाळावर पडले.

"ही भोकं कसली?"

"आकडे आहेत. कॉम्प्युटर वाचतो."

"आणि तुम्ही मुंबईहून परत येताना नेमके हे आकडे घेऊन येता. कुणाचे आकडे, सर?"

"पायॉनचे."

"पायॉन कोण?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"माणूस नाही," मी म्हणालो. "कण आहे. अणूपेक्षाही फार फार लहान."

"मी इंटर सायन्सपर्यंत शिकलोय, सर. नापास झालो, पण शिकलोय. नीट सांगा. नाही कळलं तर मला ही भोकं वाचायला मुंबईला पाठवावी लागतील. मग ती परत केव्हा येतील, सांगता येत नाही."

मी सांगायला लागलो तो त्या खोक्यासाठी. पण खरं सांगायचं तर थोड्याच वेळात मी खोकं विसरलो. कॉलेजात मी वर्षानुवर्षं तरफा आणि कप्प्या शिकवत होतो. माझ्या कामाबद्दल गावात कोणी कधी एक प्रश्न विचारला नव्हता. वत्सलानं लग्नानंतर एकदा विचारलं होतं, पण मी इतकं लांबण लावलं की बिचारीला बसल्या जागी झोप लागली. शेडगे मात्र पुढे वाकून ऐकत होते.

"अणूच्या मध्ये गाभा असतो," मी म्हणालो. "आत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. तो उघडून बघता येत नाही. मग त्याच्यावर बारीक कण मारायचे. ते आदळून कुठल्या दिशेला किती उडतात, ते मोजायचं. त्यावरून आतली मांडणी ओळखायची."

"अंधाऱ्या खोलीत खडे मारल्यासारखं."

"अगदी तसंच. खडा मडक्यावर पडला की पोत्यावर, आवाजावरून कळतं."

"मग पायॉनच कशाला? दुसरा खडा नाही का?"

हा प्रश्न माझ्या एम.एस्सी.च्या वर्गमित्रांनीही विचारला नव्हता. मी खुर्ची पुढे ओढली.

"आहे ना. इलेक्ट्रॉन आहे. पण इलेक्ट्रॉनला विजेचा भार असलेलीच वस्तू दिसते. प्रोटॉनला भार असतो, तो दिसतो. न्यूट्रॉनला भार नसतो. तो गाभ्यात असतो, पण इलेक्ट्रॉनला त्याचा पत्ताच लागत नाही."

"लपलेला."

"हो, लपलेलाच म्हणा. पायॉनचं तसं नाही. पायॉन दोन प्रकारचे. एक धन, एक ऋण. वजन सारखं, वेग सारखा ठेवता येतो. पण ठरावीक वेगाला धन पायॉन प्रोटॉनवर जोरात आदळतो आणि न्यूट्रॉनला नुसता चाटून जातो. ऋण पायॉनचं नेमकं उलट. तो न्यूट्रॉनला धरतो."

शेडगेंनी खिशातून डबी काढली. तंबाखूवर बोटानं चुना घेतला आणि मळायला लागले.

"हा तुमच्या बोटावरचा चुना," मी म्हणालो. माझा उत्साह मला आवरत नव्हता. "ह्यात कॅल्शियम आहे. बहुतेक सगळं साधं कॅल्शियम, पण त्यात अगदी किंचित एक जड जात असते. तिच्यात आठ न्यूट्रॉन जास्त. आता प्रश्न असा की ते आठ जण आत सगळ्यांत मिसळलेत, की बाहेर कडेला सालीसारखे बसलेत? माझं काम तेवढंच. आकडे परदेशातल्या प्रयोगशाळेचे, हिशोब माझा."

"मग ऋण पायॉन मारला की झालं."

"नाही, तिथंच तर चुकतं. नुसता ऋण मारून कळत नाही. तो प्रोटॉनवरही थोडा उडतो, गाभ्याच्या भारानं थोडा ओढला जातो. एकाच माऱ्यावरून सगळेच हललेले दिसतात. म्हणून दोन्ही मारायचे. त्याच वस्तूवर, त्याच वेगानं, आधी एक, मग दुसरा. आणि दोन्हींतला फरक बघायचा."

"फरक," शेडगे म्हणाले.

"त्या फरकात न्यूट्रॉन असतो."

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. मग उठले, कार्ड खोक्यात जागच्या जागी ठेवलं आणि सुतळी स्वतः बांधली.

"इंटरला आम्हाला असं शिकवणारं कोणी नव्हतं," ते म्हणाले. "आज मात्र तुम्हाला इथंच थांबावं लागेल, सर."

"पण का? मी सगळं सांगितलं की."

"सांगितलंत," ते म्हणाले, आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून स्टेशनच्या आवारात माणसांचे आवाज येत होते. आमचे प्राचार्य भंगाळे यांचा खणखणीत आवाज मी ओळखला. "हा माणूस राजकारणाचं पानसुद्धा वाचत नाही हो!" ते कोणाला तरी सांगत होते. मागून पोरांचा गलका. प्रेसमधली काही कामगार मंडळीही आली असावीत. मग वत्सला आत आली. तिला थोडाच वेळ दिला होता. डबा टेबलावर ठेवून तिनं आधी माझे हात उलटेपालटे करून बघितले.

"मारलं का?"

"नाही. नुसतं बोलतात."

"काय विचारतात?"

"पायॉनबद्दल."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्यापासून काही लपवतोय.

"तुम्हाला मिसा लावून जेलात पाठवणार आहेत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"गावभर तेच चाललंय. कालपासून." ती जवळ आली आणि कुजबुजली, "काही बोलू नका हं."

"मला ठाऊकच काय आहे बोलायला?"

त्यावर तिनं माझा हात घट्ट दाबला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा एकदम मोकळा झाला होता. तडवीनं दारातून खोकल्याचा आवाज काढला आणि ती गेली. डब्यात भरीत होतं, कळण्याच्या भाकरी होत्या. मी सगळं खाल्लं. मला उगीचच धीर आला होता. एवढी माणसं बाहेर आहेत, म्हणजे मला काय होणार?

त्यापुढचा दिवस वेगळा उजाडला. सकाळपासून आवारात कोणी नव्हतं. प्राचार्यांचा आवाज नाही, पोरं नाहीत. जिनिंग प्रेसची घरघर तेवढी चालू होती. मी डब्याची वाट बघत बसलो. उन्हाची पट्टी सायकलवरून भिंतीवर चढली, तरी वत्सला आली नाही.

"तडवी, घरून कोणी आलं नाही?"

"नाही, सर."

"निरोप?"

तडवी माझ्या डोळ्यांकडे न बघता म्हणाला, "हॉटेलातून राइसप्लेट आणू का?"

"लोक गेले कुठे सगळे? काल एवढी गर्दी होती."

"मला काय माहीत, सर. मी शिपाई माणूस."

राइसप्लेट आली. माझ्यानं खाववलं नाही. मनात नाही नाही ते यायला लागलं. वत्सला आजारी पडली असेल. तिलाही धरलं असेल. की मला जेलात पाठवायचं ठरलंय आणि सगळ्यांनी हात टेकलेत? मी दारापाशी गेलो. तडवी उठला नाही. नुसतं मान खाली घालून म्हणाला, "बसा, सर." त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेची मला जी भीती वाटली, ती आधीच्या दोन्ही दिवसांत कशाचीच वाटली नव्हती. मी परत येऊन बसलो. भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत राहिलो. ओरडावंसं वाटलं, पण ओरडून ऐकायला होतं कोण?

उन्हं कलताना शेडगे आले. बुटांना ओली माती होती. खाकी शर्टाच्या बाहीवर, छातीवर काळपट डाग होते. आमच्याकडच्या पोरालाही ते डाग ओळखता येतात. केळीच्या चिकाचे. ते धुवून जात नाहीत.

"सर, घरी जा," ते म्हणाले. "तुमचं खोकं हे इथं आहे. एकही कार्ड हललेलं नाही."

मी उठलो नाही. मी डागांकडे बघत होतो.

"एक विचारतो," ते समोर बसत म्हणाले. "पुंडलिक तुमच्याच बागेत, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

मला वाटतं माझं तोंड उघडंच राहिलं असावं.

"नव्हतं ना. मी पहिल्या दिवशीच ओळखलं. ज्याला ठाऊक असतं, तो असा भडाभडा बोलत नाही."

"माझ्या बागेत?"

"नवरात्रापासून. तो गावाच्या आसपासच आहे, हे आम्हाला कळलं होतं. पण त्याला सांभाळतंय कोण, ते कळत नव्हतं. प्रेसमधले चारजण, भंगाळे सर, त्याचा एक मास्तर, तुमच्या बाई. सगळ्यांच्या घरी झडत्या झाल्या. सगळे सारखेच दिसायचे." त्यांनी डबी काढली आणि न उघडताच हातात धरून ठेवली. "तुम्ही म्हणालात, एकाच माऱ्यावरून सगळेच हललेले दिसतात. खरंय. मी पहिल्या दिवशी गावात सोडून दिलं की सरांना मिसा लागणार. सगळे धावत आले. बाईही आल्या. त्यावरून काय कळणार? सगळी तुमचीच माणसं. मग आज सकाळी उलटी बातमी सोडली. सर फुटले, सगळं बोलले, आज सुटणार."

खिडकीतून कापसाचा एक तंतू आत आला आणि हळूहळू खाली येत राहिला. मी तो जमिनीवर टेकेपर्यंत बघितला.

"बाकीचे घरात बसले," शेडगे म्हणाले. "कोणाला राग आला, कोणाला भीती वाटली. पण जागचं कोणी हललं नाही. तुमच्या बाई तेवढ्या हलल्या. आणि इकडे आल्या नाहीत. नवरा सुटणार ऐकून बाई पोलीस स्टेशनला येत नाही, हातातलं काम टाकून बागेकडे पळते."

"तिला अटक केलीत?"

"नाही. त्या बागेतून बाहेर पडेपर्यंत आम्ही केळीत बसून राहिलो. भर दिवसा पुंडलिकही निघू शकत नव्हता, अंधार पडायची वाट बघत थांबला असणार. तासाभरानं आत गेलो. बाईंचं नाव कुठल्याच कागदावर नाही. येणारही नाही. तुम्ही मला शिकवलंत, तेवढं मी तुमचं राखलं."

"मी तुम्हाला हे शिकवलं नव्हतं," मी म्हणालो.

"नव्हतं," ते म्हणाले. "सर, बाईंना वाटतंय तुम्ही सांगितलं म्हणून आम्ही तिथं पोचलो. आपल्यामागे कोणी होतं, हे त्यांना ठाऊक नाही. आता त्यांना काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा."

खोकं उचलून मी बाहेर पडलो. बाजारपेठेतून चालत गेलो. सुताराच्या दुकानापाशी चार माणसं बोलत उभी होती. मी जवळ आल्यावर ती गप्प झाली. त्यांतला एक काल माझ्यासाठी आवारात आलेला होता. त्यानं तोंड फिरवलं.

घरात दिवा नव्हता. वत्सला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. चूल थंड होती. तिच्या पावलांना बागेतली माती होती आणि लुगड्यावर तेच काळे डाग.

"आलात?" ती म्हणाली.

मी खोकं खाली ठेवलं.

"पुंडाला नेलं. बेड्या घालून, मोटारीच्या खोलीतून."

"कळलं मला."

"भाऊबीजेला मी त्याला तिथंच ओवाळलं. दिवा लावायची सोय नाही, उजेड बाहेर दिसतो. नुसत्या हातानं ओवाळलं. तुम्हाला कळलं होतं ना? नवरात्रात मोटारीच्या खोलीची किल्ली खिळ्यावर नव्हती. भाकरी जास्त व्हायच्या. तुम्ही समोर बसून जेवायचात आणि एका शब्दानं विचारायचा नाहीत. मला वाटायचं, माझा नवरा सगळं ओळखून आहे आणि गप्प आहे. इतकं बरं वाटायचं हो मला. काल तुम्ही म्हणालात, मला ठाऊकच काय आहे बोलायला. मी मनात म्हटलं, शाबास."

किल्ली मी कधी पाहिलीच नव्हती. भाकऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. समोर बसून मी कॅल्शियमचा विचार करत जेवत असे.

"मारलं का तुम्हाला?" तिनं पुन्हा विचारलं. या वेळी तिच्या आवाजात आशा होती.

"नाही."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "काय सांगितलंत त्या इन्स्पेक्टरला?"

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. सांगायचं ठरवूनच बसलो. वत्सला, ऐक, मी एक शब्द बोललो नाही, मला ठाऊकच नव्हतं, त्यानं बातमी सोडली आणि बघत बसला कोण पळतं ते. एवढंच सांगायचं होतं. मी तोंड उघडलं.

पण तीच बोलायला लागली होती. "मला सकाळी कळलं, तशी मी हातातलं पीठ तसंच टाकून धावत सुटले. अनवाणी. आयुष्यात एवढी धावले नसेन. त्याला सांगितलं, पुंडा, नीघ. तो म्हणाला, अंधार पडू दे ताई. मी पाया पडले त्याच्या. तासाभरात पोलीस आले. पण मी पोचले हो वेळेवर. माझ्याकडून जेवढं होण्यासारखं होतं, तेवढं मी केलं. आई विचारेल तेव्हा मला तेवढं तरी सांगता येईल."

ती माझ्याकडे बघत होती.

"काय सांगितलंत त्याला?"

"सगळं," मी म्हणालो. "किल्लीचं मला ठाऊक होतं. मी सांगितलं."

ती उठली. चूल पेटवली. मला वाढलं. समोर बसली नाही, ओट्यापाशी पाठ करून उभी राहिली.

पुंडलिक निवडणुकीच्या वेळी सुटला. जेलात त्याला कावीळ झाली होती, तो ओळखू येत नव्हता. गावानं त्याची मिरवणूक काढली. मी गर्दीच्या मागे उभा होतो. त्यानं मला शोधून काढलं, गळ्यातला एक हार माझ्या गळ्यात घातला आणि कानाशी म्हणाला, "दाजी, त्या दिवसांत कोणाच्या तोंडून काय निघालं, ते धरून बसायचं नसतं." चारचौघांनी टाळ्या वाजवल्या. स्टाफरूममध्ये मात्र मी गेलो की बोलणं थांबायचं, ते मी निवृत्त होईपर्यंत थांबतच राहिलं. शेडगेंची बदली केव्हाच झाली होती. भंगाळे सर नमस्कार करायचे, पण घरी आले नाहीत.

कॅल्शियमचा हिशोब मी पुरा केला. ते आठ न्यूट्रॉन कडेला होते, पण वाटलं होतं तितके बाहेर नव्हते. एका नियतकालिकात तीन पानं छापून आली. त्यानंतर मी मुंबईला गेलो नाही. बागेत जायला लागलो. वत्सलाबरोबर पाण्याच्या पाळ्या बघितल्या, घड उतरवून घेतले. संसार झाला, दोन मुली झाल्या, त्यांची लग्नं झाली. वत्सला माझं सगळं वेळच्या वेळी करायची. फक्त पूर्वी ती सहज सांगायची ते काही सांगेनाशी झाली. बाजारात कोण भेटलं, माहेरून कोणाचा काय निरोप आला, मनात काय आहे, ते मला मुलींकडून कळायचं. मुलींना ती सांगायची, माझ्यासमोर गप्प व्हायची. आपण काय बोलतो हे जपून बोलायची सवयच तिला लागली होती. घरात पोलीस असल्यासारखी.

कितीदा तरी ओठांवर आलं. मुली झोपलेल्या असताना, बागेत दोघंच असताना. एकदा तर "वत्सला, त्या दिवशी तू पळालीस ना" एवढं म्हणूनही झालं. तिनं चटकन माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर ती एवढीशी चमक आली, पोचले होते मी वेळेवर, ही. मी म्हणालो, "अनवाणी पळालीस, पायाला काही लागलं नव्हतं ना?" ती म्हणाली, "काटा मोडला होता. निघाला नंतर."

वत्सला जाऊन आता दोन वर्षं झाली, म्हणून हे लिहितो आहे.

पुंडलिक तिच्या आधी गेला, बसल्या जागी, कोणाला त्रास न देता. त्याचा दहावा आटोपून आम्ही घरी आलो. मुली आपापल्या गावी गेल्या होत्या. ओसरीवर आम्ही दोघंच. ती नेहमी बसायची त्या खांबाशी न बसता माझ्या शेजारी येऊन बसली.

"आता तोही राहिला नाही," ती म्हणाली. "म्हणून बोलते. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय. सांगायचं राहून गेलं होतं."

मी तिच्याकडे बघितलं. केस पांढरे झाले होते, डोळे रडून सुजलेले. पण चेहरा मोकळा होता. कितीतरी वर्षांनी मोकळा होता.

"बरं झालं सांगितलंस," मी म्हणालो.

"मनात ठेवू नका आता तुम्हीही."

"नाही ठेवत."

"चहा टाकू का?"

"टाक," मी म्हणालो. ती आत गेली आणि आतूनच, पूर्वीसारखं, दहाव्याला कोण कोण आलं होतं ते मला सांगायला लागली.